तेरा नंबरचं नाक

उकाई मास्तरांनी अकराव्या वर्षी बापाची भट्टी उडवून दिली, आणि तो धमाका ऐकून सरकारने त्यांना मोठेपणी अणूच्या भट्टीवर नेमलं, अशी बातमी आमच्या ओकुगामा गावात सोनोबेच्या सलूनमधून सुटते. दर दोन-तीन वर्षांनी सोनोबे तिला नवा रंग लावतो. मागच्या खेपेला तर भट्टीचं छप्पर नदीपलीकडच्या देवळाच्या आवारात जाऊन पडलं होतं.

खोटं कशाला बोलू, ही बातमी पसरवण्यात माझाही थोडा हातभार आहे. पण भट्टी जागच्या जागी आहे. डोंगराच्या उतारावर सुस्त पडलेल्या डुकरिणीसारखी ती अजून लोळते आहे, आणि तिचं धुराडं माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून रोज दिसतं. हिसानोबु उकाईने ती उडवली नव्हती. त्याने त्याहून वाईट केलं होतं. तो तिच्यात डोकावला होता.

उकाईंची भट्टी दोन वर्षांतून एकदा पेटायची. चार दिवस आणि चार रात्री पाइनची लाकडं खायची, मग आठ दिवस निवायची. भट्टीच्या कुशीला मुठीएवढं एक भोक, त्याला मातीचं बूच. आतल्या आगीचा रंग पाहायचा असला की कुंभाराने बूच काढायचं, एक श्वास बघायचं, आणि लगेच लावायचं. हिसानोबुचा बाप तोकुजी दिवसातून चार-पाच वेळा बघायचा. त्या वर्षी बाप डुलकी काढायला गेला की पोरगं बूच काढायचं. चार दिवसांत एक्केचाळीस वेळा काढलं. दर वेळी गणिताच्या वहीत नंबर घालून रंग लिहून ठेवला. सात: विझत आलेला निखारा. बावीस: सॅमन माशाचं पोट. सव्वीस: झाडावर विसरलेलं पिकून नारिंगी झालेलं काकीफळ. एकतीस: अंड्याचा बलक. एकोणचाळीस: थंडीत सकाळी नऊचं ऊन, पांढऱ्या भिंतीवर. एक्केचाळीस: दिपलं, कळलं नाही. तेरा नंबर काय होता ते मी पुढे सांगेन, कारण त्यावरून एक भांडण व्हायचं आहे.

शेवटच्या दोन तासांत तर बूच लावायला सवडच मिळाली नाही. भोकातून गार वारा आत गेला आणि जवळच्या सत्तावीस वाट्या कलेजीच्या रंगाच्या निघाल्या. नागोयाच्या एका चहा-सोहळ्याच्या गुरूसाठी केलेल्या वाट्या होत्या त्या. तोकुजी पोराला मारायला धावला नाही. सव्वीस वाट्या त्याने भट्टीमागच्या खापरांच्या ढिगावर नेऊन फोडल्या, सत्ताविसावीत रात्रीचा भात वाढून पोरापुढे ठेवली.

"हिसा, बघणारा वेगळा, राखणारा वेगळा. आजपासून तू यातच जेव."

सतरा वर्षांची थोरली बहीण तात्सुए सूप वाढत होती.  त्या दिवसापासून वही नाहीशी झाली. आईने चुलीत घातली असं हिसानोबुने धरून चाललं. गावाने त्याला "डोकाव्या" म्हणायला सुरुवात केली, आणि भट्टीच्या तोंडाशी लाकूड हातात घ्यायला त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

आता ज्याला एका भोकातून बघू दिलं नाही, तो काय करणार? दुसरं भोक शोधणार. हिसानोबु नागोयाला शिकला, मग क्योटोला. दोन वर्षं जर्मनीत बटाटे खाऊन आला. आणि दैव बघा, दोन डोंगरांपलीकडे सरकारने एक संस्था काढली. सूर्याच्या पोटात जे चालतं ते माणसाच्या हाताने करून बघायचं, म्हणजे हलक्या वायूचे कण एकमेकांत घुसवायचे आणि त्यातून सुटणारी ऊब पकडायची, यासाठी. त्या वायूला दहा कोटी अंशांवर न्यावं लागतं. इतकं तापलेलं काही कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून चुंबकांच्या विळख्यात ते अधांतरी धरतात. आमची आळी याला "चुंबकाची भट्टी" म्हणते. मास्तरांनी पंचवीस वर्षं ही चूक दुरुस्त केली, मग हात टेकले.

तिथे मास्तरांचं काम कोणतं? त्या भट्टीला एक काचेची खिडकी होती. तिच्यातून लेझरचा झोत आत सोडायचा, आतून उधळून परत येणारा उजेड पकडायचा, आणि त्यावरून आत ताप किती ते सांगायचं. म्हणजे डोकवायचं, पण गार वारा आत जाऊ द्यायचा नाही. ज्या गुन्ह्यासाठी बापाने कलेजी वाटी हातात दिली त्याच गुन्ह्यासाठी सरकार पगार देऊ लागलं. जेवण मात्र अजून त्याच वाटीत. त्यांची बायको किनुको ओसाकाची, तिने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ती वाटी पाहून विचारलं होतं, "ही फोडायची राहिली का?"

किनुकोवहिनींचा खरा वैताग वाटीचा नव्हता. नवऱ्याच्या तोंडून "नक्की" हा शब्द कधी निघायचा नाही, हा होता.

"अहो, सूपमध्ये मीठ बरोबर आहे का?"

"बरोबरच्या आसपास आहे."

"उद्या पाऊस येईल का?"

"येण्याकडे कल आहे."

"तुमचं माझ्यावर प्रेम आहे का?"

"मोजणीतली चूक वगळता, आहे."

यातलं शेवटचं मी रचलंय असं वहिनी म्हणतात. मास्तर मात्र नाकारत नाहीत.

असा माणूस मोठ्या पदाला चढेल कसा? एकदा चढायला आला होता. चाळिशीत असताना त्यांच्या खिडकीतून एक जबरदस्त आकडा आला, आजवर त्या यंत्रात कुणी न पाहिलेला. संचालकांनी मिठ्या मारल्या, वर्तमानपत्रवाले आले, संस्थेत गोड सारणाचे लाल-पांढरे मांजू वाटले गेले. मास्तरांना खात्याचं प्रमुखपद मिळणार असं ठरूनही गेलं. एकट्या मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी त्यांनी खिडकीची काच उतरवली, तर आतल्या बाजूला काजळीचा बारीक पापुद्रा. त्याने उजेडाचा रंग बदलला होता. ते तडक सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आकडा चुकला आहे. एक तृतीयांश कमी करा."

वाटलेले मांजू परत मागता येत नाहीत. प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. वर्षभर लोक त्यांच्याशी हवापाण्यापुरतंच बोलत होते. घरी किनुकोवहिनी एवढंच म्हणाल्या, "सांगणारच होतात, तर आधी दोन मांजू जास्त तरी उचलायचे." आणि तात्सुएताईने, जी धाकट्या भावाच्या नोकरीबद्दल जन्मात काही बोलली नव्हती, रस्त्यात गाठून म्हटलं, "बिघडलेलं विकलं नाहीस. बरं केलंस." आणि ती तरातरा निघून गेली.

पण एवढ्यावर ताई पाघळली म्हणाल, तर नाही. बापामागे भट्टी तिने चालवली, नवरा गेल्यावरही चालवली, आणि बापाचा नियम बापापेक्षा कडक पाळला. एकदा संस्थेने गावकऱ्यांना यंत्र बघायला बोलावलं. ताई गेली. कमरेवर हात ठेवून त्या अगडबंब लोखंडाकडे पाहिलं.

"किती वेळ पेटते ही?"

"ताई, यंदा अठ्ठेचाळीस मिनिटं सलग पेटली," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "आमचा उच्चांक आहे."

"माझी चार दिवस पेटते. मग बाकी वर्षभर तुम्ही काय करता?"

"दुरुस्ती."

"आणि विझल्यावर आतून काय निघतं?"

"आकडे."

"एक वाटीसुद्धा नाही?"

मागे उभ्या सोनोबेने हे ऐकलं. झालं! पुढची दहा वर्षं सलूनमध्ये कुणी नुसताच बसून राहिला की सोनोबे म्हणायचा, "काय, मास्तरांची भट्टी झालीय का तुझी? एक वाटीसुद्धा नाही?"

मास्तर पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. दाराशी मुळे लावले, ते चारही दिशांना वाकडे उगवले. त्याच शरद ऋतूत ताईने जाहीर केलं की यंदाची आच शेवटची. गुडघे गेले, पाइनची लाकडं मिळेनाशी झाली, जावई योहेईचा ओढा विजेच्या भट्टीकडे. बापाची भट्टी यंदा पेटेल आणि मग कायमची निजेल.

तेव्हा मास्तरांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. चौपन्न वर्षं न मागितलेली गोष्ट आता नाही मागितली, तर ती संपणार होती. त्यांना भट्टीच्या तोंडाशी एक पाळी हवी होती. एकच. ते ताईकडे तीनदा गेले. पहिल्यांदा मुळे घेऊन गेले, दुसऱ्यांदा किनुकोवहिनींना घेऊन, तिसऱ्यांदा नुसतेच.

"ताई, एक पाळी दे. सहा तास. लाकडंच टाकायची ना."

"तू पाहुणा आहेस, हिसा. चहा घे."

"मी पाहुणा? मी या घरात जन्मलो!"

"मग चहा स्वतः ओतून घे."

आळीत सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या घरी द्यायची. आचेच्या पाळ्यांची यादी त्या पाटीवर आली. आळीतल्या यच्चयावत बाप्यांची नावं होती, सोनोबेचंही, ज्याला साधी शेगडी पेटवता येत नाही. मास्तरांचं घर आळीत शेवटचं. आमच्या घरून पाटी निघाली तेव्हा मी यादी वाचलेली होती, त्यामुळे पाटी घेऊन मी स्वतः गेलो. म्हटलं, त्यांचं तोंड बघायला मिळेल.

मास्तरांनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. मग किनुकोवहिनींनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्या खाली बसून हसू लागल्या. तळाशी बायकांची यादी होती: "भाताचे गोळे: उकाई किनुको, उकाई हिसानोबु."

मास्तरांनी शिक्का मारला. थोडा वाकडा पडला, पण मारला.

आणि मग त्या माणसाने गोळे असे केले की काय सांगू! तराजू घेतला. प्रत्येक गोळा शंभर ग्रॅम, मास्तरांच्या भाषेत अधिक-उणे दोन. आत खारवलेलं आंबट उमेचं फळ असेल त्यावर काळे तीळ, मासा असेल त्यावर पांढरे. आळीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. एकीने विचारलं, "मास्तर, याचा ताप मोजला का?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "छत्तीसच्या आसपास आहे."

आचेच्या चौथ्या दिवशी सकाळी मास्तर गोळ्यांची पाटी घेऊन भट्टीशी आले. काळे तीळ आंबट, पांढरे तीळ मासा, असं दोनदा ओरडून सांगितलं. ताई छपरीत भट्टीच्या तोंडासमोर बसली होती, पन्नास वर्षं बसते तशी. तिने हात पुढे केला आणि काळ्या तिळांचा गोळा उचलला. मास्तर बघत राहिले. ताईला उमे जन्मापासून आवडत नाही. तिने घास चावला, तोंड कसनुसं केलं, आणि गिळलं.

"ताई, तो आंबट होता."

"कळलं मला," ताई म्हणाली. "आज तोच खायचा होता."

मास्तर पाटी ठेवून भट्टीच्या बाजूने चालत गेले. विटांच्या फटींतून पांढरट होत आलेला उजेड झिरपत होता. तो त्यांनी पाहिला. मग योहेईने लावलेल्या विजेच्या तापमापकाचा काटा पाहिला. तो म्हणत होता, अजून सत्तर अंश बाकी. ते पुन्हा फटींकडे आले.

"योहेई, हा काटा किती वर्षांचा?"

"आठ झाली, मामा."

"तपासला कधी होता?"

"म्हणजे तो तपासायचा असतो?"

मास्तरांच्या पोटात गोळा आला, आणि तो शंभर ग्रॅमचा नव्हता. जुना झाला की असा काटा कमी दाखवू लागतो. सत्तर अंश गाठायला आणखी तीन-चार तास लाकडं पडणार, आणि आतली बापाच्या भट्टीतली शेवटची भांडी मऊ होऊन एकमेकांच्या मांडीवर बसणार. ताईला हे दिसायला हवं होतं. तिने आयुष्यात काट्यावर भरवसा ठेवला नव्हता, रंगावर ठेवला होता. पण जिला काळे तीळ दिसत नाहीत तिला रंग काय दिसणार? पन्नास वर्षं आगीत बघून तिचे डोळे भाजून निघाले होते, आणि तिने ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. "काटा काय म्हणतो?" असं ती चार दिवस विचारत होती, ते म्हातारीला नव्या यंत्राची हौस म्हणून नव्हे.

हे चारचौघांत बोलायचं कसं? आळीतले वीस बाप्ये लाकडं घेऊन उभे. मास्तरांनी मग त्यांना येत असलेली एकच गोष्ट केली. गयावया करत म्हणाले, "ताई, एकदा डोकावू दे ना. शेवटची आच आहे. एकदाच."

हशाचा असा स्फोट झाला की त्या जुन्या बातमीतलं छप्पर खरोखर उडावं. "आला रे डोकाव्या!" सोनोबे ओरडला. "मास्तर, पासष्टी गाठलीत, अजून खोड गेली नाही?"

ताई हसली नाही. तिने भावाच्या आवाजाकडे मान वळवली. मग काठी टेकत उठली आणि त्याच्याबरोबर भोकापाशी आली.

"एकदा. आणि पटकन."

मास्तरांनी बूच काढलं. पाहिलं. मग तिच्या कानाशी लागले, "ताई, रंग असा आहे की, म्हणजे पिवळ्याच्या पुढे..."

"नंबर सांग," ताई दातांतल्या दातांत म्हणाली.

"कसला नंबर?"

"तुझ्या वहीतला, गाढवा!"

मास्तरांच्या हातातलं बूच पडता पडता राहिलं. चौपन्न वर्षांमागची वही आईने जाळलीच नव्हती. ती हिच्याकडे होती, आणि हिला ती पाठ होती. त्यांनी पुन्हा भोकाला डोळा लावला.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "चाळिसाकडे निघालाय."

लांब उभ्या सोनोबेने शेजाऱ्याला कोपर मारलं. "ऐकलंस? शास्त्रीय आकडे."

"हिसा," ताईने विचारलं, "नक्की?"

किनुकोवहिनी चहाची किटली धरून जवळच होत्या. त्या सांगतात की त्या क्षणी त्यांनी डोळे मिटून घेतले. आता "आसपास" येणार, मग "कल" येणार, आणि तोवर भट्टीचं भजं होणार.

"नक्की," मास्तर म्हणाले.

किटली खाली पडली.

ताई वळली आणि वीस बाप्यांवर खेकसली, "लाकडं खाली! तोंड लिंपा! झालं!"

"आई, पण काट्यात अजून सत्तर अंश बाकी आहेत!" योहेई कळवळला.

"काट्याला भूक लागली असेल. त्याला एक गोळा दे. काळ्या तिळाचा."

आठ दिवसांनी भट्टी उघडली. पहिल्या रांगेतल्या बरण्या नुकत्याच झोकांड्या खाऊ लागलेल्या दारुड्यांसारख्या किंचित कलल्या होत्या. अजून तासभर आच लागती तर सगळी रांग आडवी झाली असती. त्यामागचं सगळं मात्र असं निघालं की नागोयाचे व्यापारी दोन दिवस आमच्या आळीतून हलेनात. ज्या भोकातून मास्तर डोकावले होते, त्याच्या अगदी जवळची एक वाटी तेवढी कलेजीच्या रंगाची निघाली. ताईने ती चाचपली, नखाने वाजवली, आणि खापरांच्या ढिगावर न टाकता किनुकोवहिनींच्या हातात दिली. "घे. जोडी झाली."

आता त्या घरात नवराबायको दोघंही कलेजी वाटीत जेवतात. वहिनी म्हणतात, "ही फोडायची राहिली का?" असं विचारायची आता सोय राहिली नाही.

हे सगळं गुपित मी चव्हाट्यावर कसं मांडलं असं कुणाला वाटेल. तर हिवाळ्यात ताईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आणि पट्टी सुटल्यापासून ती स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ही गोष्ट सांगते. पट्टी सुटल्यावर तिने पहिल्यांदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! हिसा, तू एवढा म्हातारा कधी झालास?" मग चहाच्या डब्याखालून दोऱ्याने बांधलेली, धुराने काळी पडलेली वही काढून दाखवली. इतकी वर्षं ती वहीवरूनच रंग ठरवत होती. भावाला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "कागद फुकट जाऊ नये म्हणून ठेवली. त्यात सांगायचं काय?"

वही आळीभर फिरली, सूचनांच्या पाटीसारखी. आणि तेरा नंबर उघडा पडला. अकरा वर्षांच्या हिसानोबुने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "तेरा: सोनोबे न्हाव्याचं नाक, साके प्यायल्यावर." म्हणजे आमच्या सोनोबेच्या दिवंगत वडिलांचं.

सोनोबे महिनाभर धुमसत होता. मग एका शनिवारी मास्तर केस कापायला आले. सलून भरलेलं. सोनोबेने त्यांच्या गळ्याभोवती कापड जरा आवळूनच बांधलं. कात्री चालवत राहिला. शेवटी मागे उभं राहून, मान दाखवायचा लहान आरसा धरत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"काय मास्तर! माझ्या बापाचं नाक लिहून ठेवलंत, ठीक. पण आयुष्यभर त्या सरकारी भट्टीत भोकातूनच बघितलंत, आणि बापाच्या भट्टीतही शेवटी भोकातूनच बघितलंत. लाकूड काही टाकायला मिळालं नाही ते नाहीच!"

मास्तरांनी आरशात नीट पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग म्हणाले,

"लाकूड कुणीही टाकेल, सोनोबे. डाव्या कानामागचे केस राहिलेत."